नारळावरची शपथ

आज मत देऊन आले. बोटावरच्या शाईचा वास आला आणि तुमचा बाबा दोन वर्षांचा असतानाचं त्याचं तापलेलं कपाळ आठवलं. एव्हाना हसू यायला हवं, पण येत नाही.

तेव्हा आमच्या गोव्यात, पेडण्यातल्या गावात, मतदानाआधी उमेदवाराची माणसं देवळात नारळावर हात ठेवून शपथ घ्यायला लावत. अमक्यालाच मत देईन, असं मीही देवासमोर म्हटलं आणि शिक्का मारला दुसऱ्याच चिन्हावर. घरी आले तर बाळ तापाने फणफणलेलं. देव आता माझं मूल नेणार, असंच वाटलं.

"आई, मी शपथ मोडली," सासूबाईंना सांगितलं.

त्याच्या कपाळावरची ओली पट्टी बदलताना त्या स्वतःच्या बोटावरच्या शाईकडे बघत होत्या. "देवाक दोन नारळ दी गो," त्या पुटपुटल्या, "एक तुजो, एक माजो."