राउटरला लोकरीचे झबले

मुरबाडला आमच्या शेजारी चिमाबाई राहत. त्यांच्या घरात कोणतीही नवी वस्तू आली की आठवड्याच्या आत त्या तिच्यासाठी लोकरीचे झबले विणत. रेडिओ, मिक्सर, फोन, सगळे अंगभर झाकलेले. २००९ साली नात संघरत्नासाठी स्वस्तातला वायरलेस राउटर आला आणि त्यालाही लाल झबले मिळाले. तेव्हापासून रोज दुपारी इंटरनेट बंद पडू लागले. दुकानदार म्हणाला, "या किमतीत असंच चालायचं."

नर्सिंगच्या अर्जाची मुदत संपायला तासभर उरला असताना ते पुन्हा बंद पडले. संघरत्नाने राउटरला हात लावला, तर चटका बसला.

"आजी, याला कसली थंडी वाजते गो?"

"नवी वस्तू उघडी ठेवत नाय आमी. धूळ बसते."

"बसू दे. माझं अ‍ॅडमिशन जाईल."

चिमाबाईंनी झबले उतरवले आणि विंझणा घेऊन राउटरला वारा घालत बसल्या. दहा मिनिटांनी त्याचे दिवे नीट लागले. अर्ज गेला, पोच आली, तरी त्यांचा हात चालूच होता.

"झालं आजी, थांब आता."

"राहू दे. अजून कोमट हाय तो."