स्वतःला माफ करायला सांगितलं तेव्हा

मैत्रिणींनो, आज सकाळी भंडाऱ्यात ध्यानाच्या वर्गात ताई म्हणाल्या, "छातीवर हात ठेवा आणि स्वतःला माफ करा." माझा हात उचललाच गेला नाही.

१९८३ साली आम्ही जवाहरनगरला कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहायचो. माझ्या बाळाचा ताप उतरेल म्हणून मी दवाखान्यात न नेता एक दिवस थांबले आणि ते गेलं. पुढे कित्येक महिने मी दार लावून बसायचे. श्वास कोंडायचा. डॉक्टर म्हणायचे, हृदय ठणठणीत आहे.

माहेरून, एकोडीहून आई आली. म्हणाली, "माह्या हातून असं झालं असतं, तर तू मले दोष देला असता का?"

"नाही."

"मंग सोताले काहून देऊन राहिली?"

त्या दिवशी मी पोटभर रडले आणि श्वास थोडा मोकळा झाला. तरी चाळीस वर्षांनी आजही 'माफ केलं' हे शब्द मला म्हणता आले नाहीत.

तुमच्यापैकी कोणाला हे जमलंय का? कसं?