कोठीतल्या शाळेला वीस पोरी

आमच्या कन्याशाळेच्या गोष्टी मी सांगायला बसत नाही, त्या आपोआप निघतात. चार जणी सरकी निवडायला जमल्या की एखादी म्हणतेच, "अवं, तो हातच्याचा किस्सा सांग नं!" तो सांगितला की त्याच्या मागं दुसरा निघतो, दुसऱ्यामागं तिसरा. तीन जणांनी मिळून एक शाळा चालवायला घेतली होती, मग किस्से कमी कसे पडतील? सगळ्या पोट धरून हसतात. मीही हसते. पण थोडं पुढं गेलं की मी गप्प होते, आणि मग त्या म्हणतात, "काय झालं वो बाई तुले मधातच?"

तर आधी तिघं कोण ते सांगते. बुलढाण्याच्या जिल्हा कौन्सिलनं मास्तरीण द्यायची. मुलांच्या शाळेच्या हेडमास्तरांनी देखरेख करायची. आणि आमच्या महिला मंडळानं जागा आणि पोरी द्यायच्या. मंडळाच्या मुख्य पाटलीणबाई. सेक्रेटरी मी. कारण एवढंच, की माहेरी मलकापूरला माझी सातवी झाली होती आणि गावात दुसरी सातवीची बाई नव्हती. जागा मिळाली पाटलांची सरकीची कोठी. पोरी घरी जायच्या तेव्हा त्यांच्या वेण्यांत कापूस असायचा. त्यावरून गावात कोणाची पोरगी शिकते ते ओळखू यायचं!

*

शाळा उघडायच्या आधी तिघांची मिटिंग झाली. सगळ्यांनी सगळ्याला हो म्हटलं. इतकी गोड मिटिंग मी पुन्हा पाहिली नाही.

उघडायच्या दिवशी हेडमास्तर हार घेऊन आले. पाटलीणबाई हार घेऊन आल्या. कौन्सिलचे मेंबरही हारच घेऊन आले. फळा कोणीच आणला नाही! कौन्सिलच्या कागदात होतं की फळा हेडमास्तर देतील. हेडमास्तरांच्या वहीत होतं की मंडळ देईल. मंडळाच्या वहीत, म्हणजे माझ्याच अक्षरात, लिहिलं होतं की फळा कौन्सिलकडून येईल.

मास्तरीण मथुराबाई विधवा, साधी, पण हिकमती. त्यांनी कोठीच्या दाराला आतल्या अंगानं काजळी फासली आणि त्यावर बेरीज मांडली. दुपारी आत जीव गुदमरायला लागला म्हणून दार बाहेर ढकललं, तर बेरीज सगळी रस्त्याकडे! बैल घेऊन चाललेला एक म्हातारा थांबला. दाराकडे बराच वेळ पाहत राहिला. मग आत वाकून म्हणाला, "मास्तरीणबाई, हातचा एक राह्यला नं!"

आणि खरंच राहिला होता.

*

पुढं हेडमास्तरांनी मोठ्या मनानं मुलांचा एक फळा दुपारपुरता पाठवायचं कबूल केलं. पहिल्या दिवशी फळा आला, त्यावर वऱ्हाडचा नकाशा काढलेला, आणि खाली ठळक अक्षरात, 'पुसू नये.'

मथुराबाईंनी पुसला नाही. दुसऱ्या दिवशीही तोच नकाशा. आठवडाभर आमच्या पोरींनी खालची ती अक्षरंच पाटीवर गिरवली. म्हणून आमच्या गावातल्या पोरींना आधी 'पुसू नये' लिहिता आलं, स्वतःचं नाव नंतर!

*

आता पाण्याचं. हा किस्सा मी स्वतः सांगत नाही, दुसऱ्या सांगतात.

मंडळात ठरलं की पोरींसाठी कोठीत एक माठ ठेवायचा. ठरावही मीच लिहिला. पण माझी पोरगी कमळी, तिच्या आधी मला एक मुलगा झाला होता, तो दोन वर्षांचा होऊन हगवणीनं गेला. तेव्हापासून न उकळलेलं पाणी मी घरात कोणाला पिऊ देत नाही. मी कमळीबरोबर उकळलेलं पाणी तांब्यात घालून, वर फडकं बांधून पाठवलं. म्हटलं, कोणाला दिसतंय!

सगळ्यांना दिसलं. दुसऱ्या दिवशी तीन तांबे आले. चौथ्या दिवशी भिंतीला धरून तांब्यांची रांग, आणि माठ कोरडा. हेडमास्तर देखरेखीला आले आणि दारातच थांबले. "ही शाळा आहे की तांबटआळी?"

मंडळाची मिटिंग कोठीतच भरली. पाटलीणबाईंनी एकोप्यावर चांगलं भाषण केलं. सर्वानुमते ठरलं की उद्यापासून सर्व मुली एकाच माठातलं पाणी पितील. मी ते सुवाच्य अक्षरात लिहिलं. मिटिंग संपली, आणि आपापला तांब्या उचलून जी ती घरी गेली. सगळ्यांत आधी मी.

*

वेशीबाहेरच्या वस्तीतली काशी शाळेत आली तेव्हा मात्र कोणी हसलं नाही.

कमळीपेक्षा वर्ष दीड वर्षानं मोठी असेल. तिची माय तिला घेऊन कोठीपुढे उभी राहिली. कौन्सिलच्या कागदात साफ होतं, शाळा सगळ्या पोरींसाठी आहे. हेडमास्तरांनी तो कागद वाचून दाखवला. पाटलीणबाई म्हणाल्या, "कागद बुलढाण्याचा आहे. कोठी आमची आहे."

मग सगळे माझ्याकडे पाहायला लागले. शिकलेली ना मी! "तुमचं काय म्हणणं आहे बाई?" हेडमास्तरांनी विचारलं.

माझं म्हणणं मला ठाऊक होतं. ते माझ्या तोंडून निघालं नाही. मी म्हटलं, "तापाचे दिवस आहेत. पोरी आधीच दाटीनं बसतात. एक बाहेर बसली तर सगळ्यांनाच हवा मिळेल."

सगळ्यांच्या जिवावरचं ओझं उतरलं. कोणालाच वाईट व्हावं लागलं नाही. पाटलीणबाई म्हणाल्या, "पाहा, शिक्षणाचा उपयोग असा होतो!" काशीला दाराबाहेरची दगडी पायरी दिली. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही, पण ते मी घरात कोणाला सांगितलं नाही.

*

आणि मग इन्स्पेक्शन.

ऐन वेचणीत बुलढाण्याहून पत्र आलं. इन्स्पेक्शनच्या बाई घाट उतरून येणार, आणि वीस मुली हजर नसतील तर शाळा बंद. पटावर चोवीस होत्या. पण कापूस फुटलेला, पोरी आयांबरोबर वावरात. कोठीत येत होत्या अकरा.

शाळा गेली तर कमळीचं काय? मुलांच्या शाळेत आमचे मालक तिला पाठवणार नाहीत, मलकापूरला माहेरी ठेवायला माझं मन होणार नाही. माझ्यासारखी सातवी तरी तिला कुठून मिळणार?

हेडमास्तरांनी तोड काढली. नळगंगा नदीपलीकडच्या गावातही कन्याशाळा होती आणि तिथंही हीच रड. "आपण दोन्ही शाळांनी सहकार्य करू," ते म्हणाले. त्यांचं इन्स्पेक्शन आदल्या दिवशी. आपल्या पोरी तिकडे न्यायच्या, दुसऱ्या दिवशी त्यांच्या इकडे आणायच्या. गैरहजर पोरींची नावं हजर पोरींना वाटून द्यायची. झालं!

दमण्यांना बैल जुंपले आणि आम्ही पोरी नेल्या. मथुराबाई गेल्या, मी गेले. कोठीला कडी घातली. कमळीचं नाव त्या दिवशी गोदावरी. ती सारा रस्ता तेच घोकत होती. तिकडे सगळं बिनबोभाट पार पडलं. इन्स्पेक्शनच्या बाईंनी गोदावरीच्या गालाला हात लावला. मला किती आनंद झाला!

दुसऱ्या दिवशी त्यांच्या नवांपैकी आठच पोरी आल्या, एक वेचणीला गेली. अकरा आणि आठ एकोणीस. एक कमी!

काशी पायरीवर बसली होती. तिला धरून वीस होत होत्या. आमच्यापैकी कोणीही तिच्याकडे पाहिलं नाही. पाटलीणबाई तरातरा घरी गेल्या आणि त्यांच्या जावेच्या नव्या सुनेला घेऊन आल्या. परकर नेसवला, मंगळसूत्र पोलक्यात खुपसलं, दोन वेण्या घातल्या. "मान खाली घाल अन् बोलू नको," त्या म्हणाल्या. सून सगळ्यांपेक्षा हातभर उंच. तिला मागच्या भिंतीशी बसवलं.

बाईंची मोटार आली. बाई उतरल्या. आणि तेव्हा, अगदी तेव्हा, माझ्या ध्यानात आलं की कालच्याही बाई ह्याच होत्या!

इतकी साधी गोष्ट. दोन गावचे दोन हेडमास्तर, दोन मास्तरणी, आमचं अख्खं मंडळ. प्रत्येकाला वाटलं, हे दुसऱ्यानं पाहिलं असेल.

बाई थेट कमळीपाशी आल्या. "काल तुझं नाव गोदावरी होतं ना?"

"हाव," कमळी म्हणाली. "ते काल. आज मी कमळी."

"आणि उद्या?"

"उद्याचं मायले विचारा!"

आणि तिनं बोट माझ्याकडे केलं.

बाई हसल्या नाहीत. त्या रांगेतून शेवटपर्यंत गेल्या, उंच सुनेपुढे थांबल्या, तिच्या पायातल्या जोडव्यांकडे पाहिलं आणि परत फिरल्या. रजिस्टर मिटलं. हेडमास्तर मागं मागं, "बाईसाहेब, वेचणीचे दिवस, बाईसाहेब..."

बाहेर पडताना काशी वाट देण्यासाठी पायरीवरून उठली. बाई थांबल्या.

"तू काल कुठं होतीस?"

"इथंच."

"काल तर शाळेला कडी होती."

"हाव. मी पायरीवरच बसली. शिकवलेलं सारं म्हणून पाह्यलं."

बाईंनी तिला पुस्तक दिलं. काशीनं वाचलं. मग गणित घातलं, तेही तिनं केलं. बाई त्याच पायरीवर बसल्या आणि मांडीवर वही ठेवून रिपोर्ट लिहिला. लिहून झाल्यावर वही माझ्या हातात दिली. "तुम्ही सेक्रेटरी ना? मोठ्यानं वाचा."

मी वाचलं, "आज हजर मुलगी एक. ती बाहेर. ती वर्गात बसेल तोवर शाळा चालू ठेवावी. नसेल त्या दिवसापासून बंद समजावी."

"परवा सकाळी मी याच रस्त्यानं परत जाणार आहे," बाई म्हणाल्या, आणि मोटार गेली.

दुसऱ्या दिवशी काशी आली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळीही पायरी रिकामी. मथुराबाई म्हणाल्या, "कोणीतरी जाऊन आणायला पाहिजे." हेडमास्तर म्हणाले, "हे काम मंडळाचं." पाटलीणबाई म्हणाल्या, "मंडळाचं म्हणजे सेक्रेटरीचं. पण आम्ही संगं येतो बाप्पा, तुले एकटीले नाही सोडत."

आम्ही निघालो. कमळी माझं बोट धरून. वेस ओलांडून मी वीस-पंचवीस पावलं गेले असेन, मागं पाहिलं, तर सगळे वेशीच्या सावलीत उभे. पाटलीणबाईंनी दुरूनच हात केला, जा, जा.

काशीची माय चुलीपुढे भाकरी थापत होती. काशी वेचलेला कापूस ठेवायचा फडक्याचा ओटा कमरेला बांधून उभी. मला पाहून ती मायच्या मागं सरकली.

"काशीले शाळेत पाठव," मी म्हटलं. "आज आत बसवू."

तिनं भाकर उलटली. "हे मंडळानं सांगतलं का तुम्ही सांगून राह्यल्या?"

मी पुन्हा मागं पाहिलं. मग म्हटलं, "मी सांगते."

"आत म्हंजे कुठं?"

"कमळीजवळ."

तिनं भाजलेली भाकर उतरवली, दुसरी तव्यावर टाकली. दूर रस्त्याकडून मोटारीचा आवाज येतोय असं मला वाटलं. कदाचित भासही असेल.

"काशी उपाशी जात नाही शाळेत," ती म्हणाली. "जवळ बसायचं तं दोघीजणी इथंच जेवून जातीन."

भाकर मोडून तिनं अर्धी काशीच्या हातावर ठेवली, अर्धी पुढे धरली. माझ्या तोंडून शब्द निघायच्या आत कमळीनं माझं बोट सोडलं आणि चुलीपाशी फतकल मारून बसली.

काशीच्या मायनं तव्यावरची दुसरी भाकर काढली, मोडली, आणि माझ्याकडे मान वर करून विचारलं,

"अन् तुम्ही?"