पत्त्यावरची घरं

“निघा आता. नीट जावा. वाटंत कुटं रेंगाळू नका.”

टपालाच्या पोत्याचं तोंड बांधण्याआधी आपा आतल्या पाकिटांवर तळहात ठेवायच्या आणि त्यांना असं बजावायच्या. पोतं पोस्टात नेणारा रिक्षावाला दारात ताटकळत असायचा, पण आपांचा हात निघेपर्यंत तोही गप्प उभा राहायचा. हसावं की हात जोडावेत, हे त्याला कधी ठरवता आलं नाही. मलाही नाही.

मी कुरुंद्याच्या एका शेतकरी कंपनीत कामाला आहे. आमच्याकडची हळद दळून, पुड्यांमध्ये भरून महाराष्ट्रभर घरोघरी जाते. वर्ष संपता संपता जुन्या गिऱ्हाइकांना आम्ही एका मोठ्या कागदाचं कॅलेंडर पाठवायचो आणि सोबत हळदीची एक छोटी पुडी. छपाईपासून पोस्टात पडेपर्यंतचं सगळं काम वसमतच्या एका प्रेसकडे होतं, आणि ते करून घेणं माझ्याकडे. प्रेसमध्ये खाली मशीन, वर माडीवर घड्या घालायची खोली. त्या खोलीवर आपांचं राज्य होतं. त्यांचे पती याच प्रेसमध्ये छपाईचे खिळे जुळवायचे. ते गेले, नंतर खिळेही गेले, आपा राहिल्या.

आपा स्टीलच्या चमच्याच्या पाठीनं घडी बसवायच्या. खालच्या मशीनच्या ठेक्यानं माडीच्या फळ्या हलक्या थरथरत असायच्या. खिडकीतून येणाऱ्या उन्हात हळदीची पिवळी धूळ तरंगत राहायची. तिथं दुपार काढली की आपण जागे आहोत की पेंगतोय, तेच कळेनासं व्हायचं.

त्या गुंगीतच आपा पत्ते वाचायच्या. पत्ता चिकटवला की पाकीट हातात धरून क्षणभर थांबायच्या.

“सांगली. हितं नदी हाय ना गं लेकी?”

“हो आपा.”

“मंग घर उंचावर असंल. पायऱ्या असतील. पायऱ्यांवर म्हातारा बसत असंल.”

आणि पाकीट बाजूला. दुसरं हातात. चिपळूणच्या घराला त्यांनी लाल कौलं घातली, जळगावच्या घरामागं केळीची बाग लावली. स्वतः त्या नांदेडच्या पुढं कधी गेल्या नव्हत्या. फ्लॅटचा पत्ता आला की मात्र त्यांचा चेहरा पडायचा. “नुसता नंबर लिवलाय. नंबरात काय दिसतंय, सांग?” अशा पाकिटावर त्या उगाच एकदा हात फिरवायच्या, आईविना वाढलेल्या लेकरावर फिरवावा तसा.

प्रेसचे मालक खालून ओरडायचे, “आपा, पाकिटं चिकटवा! गावं वसवू नका!”

“व्हय मालक,” म्हणून आपा पुढच्या गावाला लागायच्या.

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, हातानं काम करता करता दूर कुठं तरी जाऊन येणारं. त्यांना हाक मारली की ते थोडं उशिरा बघतात. परत यायला वेळ लागतो त्यांना.

आपांचं सगळ्यात लाडकं घर रत्नागिरीच्या पुढच्या एका खेड्यात होतं. पत्ता एका बाईंच्या नावाचा होता आणि त्यात ‘समुद्राकडची वाडी’ असे शब्द होते. तेवढ्यावर आपांनी निळं दार बांधलं, दारासमोर अंगण, आणि अंगणाला लागूनच समुद्र. ते पाकीट त्या नेहमी शेवटी करायच्या.

एका जानेवारीत ते परत आलं. वर पोस्टमननं लिहिलं होतं, ‘घर बंद’.

दरवर्षी काही पाकिटं परत येतातच. लोक घरं बदलतात, गावं सोडतात. आम्ही ते पत्ते काढून टाकतो. मी तसं म्हणाले, तर आपांनी पाकीट माझ्या हातातून काढून घेतलं.

“काहून काढायचा? घर बंद हाय म्हनलेत. घर न्हाई, असं कुटं म्हनलेत?”

मी त्या बाईंचा फोन लावून बघितला. बंद होता. आपा दोन्ही हातांत पाकीट धरून माझ्याकडे बघत होत्या.

“एक डाव अजून धाड,” त्या म्हणाल्या. “मानूस गावाला गेलेलं असतंय. दुखन्यात असतंय. वापस येतंय मंग.”

नवं पाकीट केलं, नवी पुडी घातली. ‘घर बंद असल्यास दाराच्या फटीतून आत टाका’ असं वर लिहून पोस्टात मी स्वतः टाकलं, कारण आपांनी मला तसं कबूल करायला लावलं होतं. नंतर हळद शिजवायचे दिवस आले आणि कामाच्या धबडग्यात मी ते विसरून गेले.

उन्हं तापायला लागली होती तेव्हा कॅलेंडरवरच्या कंपनीच्या नंबरावर मला एक फोन आला. पलीकडे थकलेला, बारीक आवाज. त्याच बाई होत्या. नवऱ्याच्या आजारपणापायी कितीतरी महिने मुंबईला दवाखान्यात होत्या. तो वाचला नाही. त्या एकट्याच घरी परतल्या.

“कुलूप काढलं तर आत टपालाचा ढीग,” त्या म्हणाल्या. “विजेचं बिल, बँकेचे कागद, सगळं त्यांच्या नावाचं. आता त्यांचं सगळं मलाच फोडायचं होतं. आणि त्यात एकच पाकीट माझ्या नावाचं. हळदीचा वास येत होता हो त्याला. मी तिथंच उंबऱ्यावर बसले.” मग म्हणाल्या, “कोणी पाठवलं, ते विचारायला फोन केला.”

कंपनीनं, असं म्हणणं सोपं होतं. मी म्हणाले, “त्यांच्याशीच बोला,” आणि दुपारच्या बसनं वसमत गाठलं.

फोन लावून आपांच्या हातात दिला. आपा फोनवर नेहमी ओरडून बोलायच्या. त्या दिवशी हळू बोलल्या. दोघी काय बोलल्या ते मला एका बाजूचंच ऐकू आलं. “व्हय... माजेबी असेच गेले... न्हाई न्हाई, रडा तुमी, म्या हाय हितं.” पुष्कळ वेळानं आपा लाजत लाजत म्हणाल्या, “एक इचारू? तुमच्या घरातनं समुद्र ऐकू येतो का?”

पलीकडून त्या बाई काहीतरी म्हणाल्या. फोन घेऊन चालायला लागल्या असाव्यात. आपांनी मला खूण केली, मी जिन्यातून मालकांना खूण केली, आणि भर कामाच्या दिवसात मालकांनी मशीन बंद केलं. प्रेसमध्ये इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. आपा डोळे मिटून, फोन कानाशी दाबून बसल्या होत्या.

“आपल्या मशीनवानीच हाय गं,” त्या कुजबुजल्या. “थांबतच न्हाई.”

बाईंनी त्यांना बोलावलं होतं. पावसाच्या आधी या, म्हणाल्या होत्या. आपांच्या मुलाचं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान आहे. त्याला हे मुळीच पटलं नाही. “कोन लोक, काय लोक, अम्मी? तुमच्या दिलाची दवा चालू हाय. वाटंत काही झालं तर?”

आपा मला म्हणाल्या, “म्या आजवर कुनाला इचारल्याबिगर उंबरा वलांडला न्हाई लेकी. आता इचारायचं न्हाई, सांगायचं ठरवलंय.” मुलाला त्यांनी एवढंच विचारलं, “तू दुबईला जातो म्हनला, तवा म्या अडवलं का?” निघायच्या दिवशी मात्र त्यानंच त्यांच्या पिशवीत औषधं भरली आणि पाण्याची बाटली माझ्याकडे दिली. कंपनीतून रजा काढून मी सोबत गेले.

नांदेडहून रेल्वे, पनवेलला बदलून दुसरी. आपा खिडकी सोडायला तयार नव्हत्या. बोगदा आला की घाबरून माझा हात धरायच्या आणि उजेड आला की सोडून द्यायच्या. मध्येच म्हणाल्या, “झोप लागून राहिली, पन झोपले तर हे समदं निघून जाईल.”

घर पाहिलं आणि मलाच वाईट वाटलं. दार निळं नव्हतं, तपकिरी होतं, रंग उडालेला. पुढं कुंपणाचा बुटका चिऱ्यांचा गडगा, माड, शेजाऱ्यांची भिंत. समुद्र तिथून दिसतसुद्धा नव्हता. मागच्या पायवाटेनं खाली उतरावं लागायचं. आपा गडग्यापाशी उभ्या राहून सगळीकडे बघत राहिल्या. मग हसायलाच लागल्या.

“म्या समदं चुकीचं बांधलं व्हतं!”

त्या बाई दारात आल्या होत्या. माझ्यापेक्षा उंच, कपाळ मोकळं. त्यांना बिचाऱ्यांना काही कळलं नाही, पण त्याही हसल्या. म्हणाल्या, “मग आता आत या नि नीट बांधा.”

संध्याकाळी आम्ही खाली गेलो. आपांनी चप्पल काढून हातात घेतली आणि पाणी पावलांना लागेल इतक्याच पुढं गेल्या. त्या बाईही त्यांच्याजवळ जाऊन थांबल्या. उजेड पुरता ओसरेपर्यंत दोघी शेजारी शेजारी उभ्या होत्या आणि लाट परतताना दोघींच्या पायाखालची वाळू सरकत होती.

दुसऱ्या दिवशी मला परतायचं होतं. आपा म्हणाल्या, “तू जा. म्या ऱ्हाते आठ दिस.” त्या महिनाभर राहिल्या. मुलगा जाऊन घेऊन आला.

पुढच्या हिवाळ्यात आपा झोपेतच गेल्या. प्रेसच्या मालकांनी फोन करून सांगितलं. मी रत्नागिरीला कळवलं. त्या वर्षीपासून आमच्या कंपनीच्या शुभेच्छा मोबाइलवर जातात. माडीवरच्या खोलीत आता कागदाची रिमं रचून ठेवलेली असतात.

वसमतला गेले की मी त्या माडीवर जात नाही. आपा आठवायच्या झाल्या तर मला आठवते ती मी कोकणातून निघाले त्या दिवसाची सकाळ. रिक्षा येऊन उभी होती. मागच्या अंगणात दोघी चटईवर बसून आमसुलं वाळत घालत होत्या, कोपरापर्यंत हात जांभळे झालेले. ऊन लागतं म्हणून त्या बाईंनी आपांच्या डोक्यावर नवऱ्याची जुनी गवताची टोपी घातली होती. ती मोठी होत होती, सारखी डोळ्यांवर येत होती, आणि हात बरबटलेले म्हणून आपा ती मनगटानं मागं ढकलत होत्या. काहीतरी सांगत होत्या आणि दोघी हसत होत्या.

मी “येते” म्हणाले. त्यांना ऐकू गेलं नाही. मी पुन्हा हाक मारली नाही.