भाऊजी सावलीत आले

सूर्याला अरे-तुरे करणारा माणूस मी यवतमाळ जिल्ह्यात एकच पाहिला, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा आहे. एप्रिल लागला की आमच्याकडे लोक डोक्याला दुपट्टा गुंडाळतात, खिशात कांदा ठेवतात आणि बारा ते चार गावात कुत्रंसुद्धा रस्ता ओलांडायचा आळस करतं. भाऊजी नेमके त्याच वेळी घाटंजीच्या आपल्या घरातून बाहेर पडायचे. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, उघडं डोकं. अंगणात उभं राहून डोळे बारीक करून वर बघायचे आणि म्हणायचे, "तापला का रे? ताप, ताप. पायतोच आज तुह्याकडे." एवढी धमकी दिल्यावर मोटरसायकलला लाथ मारायचे. सीट तव्यासारखी तापलेली असायची. त्यावर ते बिनदिक्कत बसायचे आणि खिडकीतून बघणारी माझी ताई डोळे मिटून घ्यायची.

भाऊजी सरकारी मोजणीदार होते. कोणाचं शेत कुठे संपतं आणि कोणाचं कुठे सुरू होतं हे ठरवणं त्यांचं काम. शेतात पीक उभं असताना मोजणी होत नाही. कापूस वेचून झाला, पऱ्हाट्या उपटल्या, रान मोकळं झालं की मोजणीचा हंगाम, म्हणजे ऐन उन्हाळा. राळेगावपासून उमरखेडपर्यंत, जिथे बदली होईल तिथे, भाऊजींनी असे तेहेतीस उन्हाळे उघड्या रानात उभ्याने काढले. त्यांच्याकडे एक मोठी छत्री होती. तिच्याखाली ते कधी उभे राहिले नाहीत. तिच्याखाली नकाशाचा फळा उभा असायचा. मी शाळामास्तर; एकदा विचारलं तर म्हणाले, "मास्तर, ऊन लागलं का कागद ताणते. कागद ताणला का हद्द चुकते. माणूस ताणला तं कोणाचं काय बिघडते?"

सावलीवर त्यांचा विश्वासच नव्हता. सावलीत बसलं की माणूस भांडायला मोकळा होतो, असं त्यांचं ठाम मत. राळेगावकडे दोन सख्खे भाऊ बांधावरून बोलेनासे झाले होते. मोजणीच्या दिवशी दोघंही बाभळीखाली बसून एकमेकांचे बाप काढू लागले, आणि बाप तर एकच. भाऊजींनी दोघांना उठवून रानाच्या मधोमध नेलं आणि म्हणाले, "हं, आता भांडा." दीड वाजेपर्यंत धाकटा घामाने निथळून म्हणाला, "दादा, तू म्हणते तिथी खुटा ठोक, पण मले पाणी पाज." ही गोष्ट भाऊजी प्रत्येक लग्नकार्यात सांगायचे. आणि ती सांगून झाली की मनगटावरचं घड्याळ काढून खालचा पांढरा पट्टा सगळ्यांना दाखवायचे. "हा माह्या मूळ रंग." खरंच होतं ते. आमच्या घरात घाऱ्या डोळ्यांचा, गोरापान जावई म्हणून त्यांचं केवढं कौतुक झालं होतं. तेहेतीस उन्हाळ्यांनी त्या जावयाला भट्टीतल्या विटेसारखं भाजून काढलं होतं.

निवृत्त झाल्यावरही उन्हाशी त्यांचं वैर, किंवा दोस्ती म्हणा, सुटलं नाही. त्याच सुमारास त्यांच्या नाकाच्या डाव्या बाजूला, गालाला लागून, ज्वारीच्या दाण्याएवढी एक पुटकुळी आली. चकचकीत, मोत्यासारखी. दाढी करताना वस्तरा लागायचा, रक्त यायचं, खपली धरायची, पडायची, पुन्हा तेच. भाऊजींनी तिला हळद लावली, तुरटी लावली, कडुनिंबाचा पाला वाटून लावला आणि शेवटी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. ताई दवाखान्याचं नाव काढायची तेव्हा म्हणायचे, "अवं, नाक माह्यं हाय, काळजी तुले काहून?" यात दीड वर्ष गेलं.

मग एका मंगळवारी सकाळी नऊ वाजता यवतमाळला माझ्या दारावर थाप पडली. दार उघडलं तर भाऊजी. उजवा गाल गुळगुळीत, डाव्या गालावर आठ दिवसांची पांढरी दाढी.

"भाऊजी, हे काय?"

"संप," ते म्हणाले. "सलूनवाल्यानं संप केला."

घाटंजीच्या बसस्टँडजवळचा त्यांचा नेहमीचा सलूनवाला. त्याने एक गाल केला, दुसऱ्या गालाशी आला आणि वस्तरा खाली ठेवला. "साहेब, दर खेपेले इथीच रक्त निघून राह्यलं. माह्या हाताचा दोष असता तं दुसऱ्याइचंही निघालं असतं. डॉक्टरले दाखवून या, मंग करतो उरलेली." भाऊजींनी दम दिला, समजूत काढली, उठून दुसऱ्या दुकानात जातो म्हणाले. तो म्हणाला, जा, पण अर्धी दाढी कोणी हातात घेत नाही. तसेच ते एसटीत बसले होते, मान ताठ, खिडकीजवळ, उन्हाच्या बाजूला.

कातडीच्या डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी भिंगातून ती पुटकुळी बराच वेळ पाहिली आणि विचारलं, "काका, उन्हात किती असता?"

भाऊजी खुर्चीत सरसावून बसले. "तेहेतीस वर्षं. बिनाटोपीचा." सत्कारात निवेदकाने माहिती वाचावी तशा सुरात. डॉक्टरांनी ते कागदावर लिहून घेतलं तेव्हा भाऊजींनी माझ्याकडे समाधानाने पाहिलंही. त्यांना वाटलं, कोणीतरी शेवटी नोंद घेतली.

तुकडा काढून तपासायला गेला. दहा दिवसांनी आम्ही दोघं पुन्हा तिथेच बसलो होतो. डॉक्टर सरळ बोलल्या. "काका, हा कातडीचा कॅन्सर आहे. वर्षानुवर्षं ऊन लागून होतो. तुमचा जो प्रकार आहे तो हळू वाढतो, सहसा शरीरात दुसरीकडे जात नाही. पण तसाच ठेवला तर नाक पोखरेल. नागपूरला जाऊन काढून टाका, उशीर करू नका."

भाऊजींनी विचारलं, "रिपोर्ट माह्याच हाय ना?" डॉक्टरांनी कागद त्यांच्याकडे फिरवला. त्यांनी स्वतःचं नाव वाचलं, वय वाचलं, गावाचं नाव वाचलं, प्रत्येक शब्दावर बोट ठेवून. मग कागद नीट चार घड्या घालून खिशात ठेवला.

बसस्टँडवर चहा घेतला. भाऊजींनी बशीत ओतला आणि तो तसाच निवू दिला.

"मास्तर, नाक जाईन का?"

"पूर्ण नाही जाणार."

"पूर्ण नाही म्हंजे?"

मी चहाचे पैसे मोजू लागलो. ते एसटीच्या पाट्यांकडे बघत म्हणाले, "तुह्या बहिणीले सांगू नको. पाहाले आलतो तवा तुह्या मायनं तिले विचारलतं, पोरगा कसा वाटला. तं तुही बहीण म्हने, नाक चांगलं हाय. म्या बाहेरून आयकलं. आजवर तिले मालूम नाही का म्या आयकलं म्हणून."

मी शब्द दिला, पण तो पाळण्याची वेळच आली नाही. आम्ही घाटंजीला पोचलो तेव्हा ताई ओसरीवर तुरीची डाळ निवडत होती. भाऊजी तिच्यासमोर उभे राहिले, घसा साफ केला आणि हवापाण्यावर बोलू लागले. ताईने ताट खाली ठेवलं. "काय निघालं थे सांगा." भाऊजींनी खिशातला कागद चाचपला. "कॅन्सर हाय ना?"

"तुले कोणं सांगतलं?"

"कोणं सांगाले पायजे? दीड वर्सापासून उशीच्या खोळीवरचे रक्ताचे डाग मीच धुऊन राह्यली. माह्यं आयकत नव्हते तुमी. म्हणून म्या त्या सलूनवाल्याकडं गेलती."

"तू? सलूनात?"

"हाव. चार माणसं बसली होती दाढीले. उभ्या-उभ्याच सांगतलं, भाऊ, आता ह्याइची दाढी तूच बंद कर."

भाऊजी चपलांसकट ओसरीवर बसले. त्यांना आजाराचा धक्का बसला होता की बायको सलूनात गेल्याचा, हे मी आजही सांगू शकणार नाही. ताईने पुन्हा ताट मांडीवर घेतलं आणि डाळीत बघतच म्हणाली, "नाकाचं काई वाटून घेऊ नका. म्या काई नाकासंग संसार नाही केला." म्हणजे तिलाही माहीत होतं, की त्यांनी ते ऐकलं होतं.

नागपूरला शस्त्रक्रियेच्या सकाळी सर्जन निळं पेन घेऊन आले आणि भाऊजींच्या नाकावर त्या पुटकुळीभोवती रेघ आखू लागले. भाऊजींनी आरसा मागितला. "गाठीपासून किती सोडलं?"

"चार मिलिमीटर."

"चौफेर?"

"चौफेर, काका."

"वरच्या अंगाले कमी वाटते."

सर्जन भला माणूस. त्यांनी खिशातून छोटी पट्टी काढली, मोजून दाखवलं. चार म्हणजे चारच. भाऊजींनी मान डोलावली. "मंग ठीक. खात्री केलेली बरी." हे सगळं चाललं असताना त्यांचा उजवा हात माझ्या हातात होता. आत नेताना त्यांनी तो सोडला नाही, नर्सनेच सोडवून घेतला.

गाठ पूर्ण निघाली. कानामागच्या कातडीचा तुकडा काढून नाकावर बसवला होता. पट्टी सुटली त्या दिवशी भाऊजी आरशासमोर एवढा वेळ उभे राहिले की ताई मागे येऊन थांबली. भाजलेल्या विटेच्या रंगात एक रुपयाएवढं गोरं ठिगळ, कडेला थोडा खळगा. ताईने निरखून पाहिलं आणि म्हणाली, "पाहा बरं, तेवढ्यापुरता लग्नातला रंग वापस आला." भाऊजी हसले, हसताना टाके दुखले, आणि मग त्यांचे डोळे भरून आले. ते टाक्यांमुळे, असं त्यांनी आम्हाला लगेच सांगितलं.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, आता उन्हापासून जपायचं. भाऊजींनी कुठलीच गोष्ट आयुष्यात अर्धी केली नाही. रुंद काठाची टोपी आली, लांब बाह्यांचे शर्ट शिवले गेले, बाहेर पडण्याआधी चेहऱ्यावर पांढऱ्या मलमाचा जाड थर. बाजारात भाजीवालीने विचारलं, "साहेब, गिरणीतून आले का पिठाच्या?" भाऊजींनी मेथी बाजूला ठेवून तिला पाऊण तास कातडीची माहिती दिली. उघड्या डोक्याने चाललेला मोटरसायकलवाला दिसला की हात करून थांबवायचे. कापूस वेचायला निघालेल्या, लुगड्यावर नवऱ्याचा जुना शर्ट चढवून तोंड-डोकं बांधून घेतलेल्या बाया दिसल्या की रस्त्याच्या कडेला उभे राहायचे. मला म्हणाले, "तेहेतीस वर्षं म्या ह्या बायाइले हसलो, मास्तर. अक्कल सारी त्याइच्याच जवळ होती."

आठवडी बाजारात शेजारच्या तांड्यावरून एक बाई शेंगा विकायला यायची. जन्मापासूनच तिचे केस, पापण्या, सगळं अंग पांढरं. उन्हात डोळे उघडायची नाही. तिच्या कानाच्या पाळीवर एक न भरणारी जखम भाऊजींनी पाहिली. तिला ते सलग तीन बाजार दवाखान्यात चल म्हणत राहिले. तिसऱ्या वेळी ती वैतागून म्हणाली, "कायले मागं लागून राह्यला साहेब? लोक काय म्हणतीन?" चौथ्या बाजाराला भाऊजी ताईला घेऊन गेले. ताई तिच्या शेजारी पोत्यावर बसली, शेंगा विकू लागली आणि बोलत राहिली. दुसऱ्या दिवशी तिघं यवतमाळच्या एसटीत होती. तिचाही तोच आजार निघाला, वेळेवर निघाला, कानही बराचसा वाचला. आता ती भाऊजींना 'भिया' म्हणते, म्हणजे भाऊ, आणि डोक्यावर त्यांनी दिलेली टोपी घालते. ती तिला मुळीच शोभत नाही, भाऊजींनाही शोभत नाही. बाजारात दोघं समोरासमोर आले की लोक बघत राहतात.

गेल्या वर्षी भाऊजींच्या कपाळाच्या कडेला दुसरा दाणा आला. या वेळी त्यांनी स्वतःच आरशात शोधला, स्वतःच फोन केला, लहान असतानाच तो निघाला. पण परतताना गाडीत, घाटंजी जवळ आल्यावर, म्हणाले, "हे संपत नाही ना, मास्तर?"

"डॉक्टर म्हणाल्या, दर सहा महिन्यांनी दाखवत राहायचं. नवीन आलं तर काढायचं."

"हाव. तेवढं जुनं ऊन हाय आंगात. निघत राहीन." आणि त्यांनी खिडकीचा पडदा ओढून घेतला.

परवा डिसेंबरात मी त्यांच्याकडे गेलो होतो. सकाळी कडाक्याची थंडी. आमच्या भागात थंडीतलं ऊन म्हणजे घराघरातलं सुख; सगळं गाव गच्चीवर जाऊन बसतं. ताईचे गुडघे आता फार दुखतात आणि डॉक्टरांनी तिला सकाळचं ऊन घ्यायला सांगितलं आहे. मी चहाचे कप घेऊन जिना चढलो. गच्चीभर कोवळं ऊन पडलेलं होतं. कोपऱ्यात पाण्याच्या टाकीमागे सावलीचा एक गार पट्टा होता. तिथे कानटोपी, शाल आणि मलम लावून भाऊजी बसले होते, आणि त्यांना लागून ताई, आपली सतरंजी तिथे ओढून आणून, गुडघे छातीशी घेऊन.

भाऊजी रागावले होते. "अवं, तिकडं बस ना. ऊन तुले सांगतलं हाय, मले नाही. इथी काहून कुडकुडून राह्यली?"

"तिकडून मोठ्यानं बोला लागते," ताई म्हणाली, "सारी गल्ली आयकते."

भाऊजींनी अंगावरची शाल काढली, अर्धी तिच्या गुडघ्यांवर टाकली आणि उरलेली आपल्या गुडघ्यांवर ओढून घेतली.

मी दोन्ही कप जिन्याच्या वरच्या पायरीवर ठेवले, गच्चीच्या दाराची कडी वाजवली आणि खाली उतरलो.