तेरावा चपलांचा जोड

किस्से माळ्यावरच्या सामानासारखे असतात. एक काढायला जावं तर मागून चार गडगडत येतात. परवा नात पोहायचा चष्मा घेऊन आली आणि म्हणाली, "आज्जी, क्लास लावलाय." तो चष्मा बघितला आणि मला हसूच आवरेना. पोरगी रुसली. तिला सगळं सांगावं लागलं, आता तुम्हीही ऐका.

आटपाट नगर वगैरे काही नव्हतं. पलूसच्या पुढं कृष्णाकाठी आमचं गाव होतं. तिथं आरमारातून पेन्शनीवर आलेले आमचे मालक होते. पोरं त्यांना आण्णा म्हणायची. त्यांची आई, म्हणजे माझ्या आत्याबाई, होत्या. धाकटी बहीण शालन होती, लग्नाची. आणि मी होते. मला अक्षर येत नव्हतं आणि पाणी ठाऊक होतं ते घागरीपुरतं.

सत्तर सालानंतरची गोष्ट. मालक तरुण मंडळाच्या पोरांना म्हणाले, "समिंदर वरनं काय बघताय? आतनं बघा! तोंडावर काच लावायची, दातात नळी धरायची आन् पालथं पडून तरंगायचं. खाली मासं असं दिसत्यात, जनू बाग फुललीया." झालं! बारा पोरं तयार.

आणि तेरावी शालन. ती कृष्णा सरळ आडवी पार करायची. मालकांना पाण्यात राखणीला तिच्यासारखं दुसरं कुणी मिळेना. पण ह्या पोहण्यापायीच तिची तीन स्थळं मोडली होती. तिसऱ्या स्थळाची बाई तोंडावर म्हणाली, "नदी वलांडती म्हनं पोरगी. उद्या आमचा उंबरा बी वलांडंल!"

तेव्हापासून आत्याबाईंनी औंधच्या यमाईला नवस बोलला आणि एक वाक्य पाठ करून ठेवलं. कुणी पाहुणा दारात आला की आधी तेच म्हणायच्या, "आमची शालन पाण्याच्या वाटंला जात न्हाई!" मागं शालन ओल्या केसांनी उभी असली तरी!

मालकांना मात्र त्यांनी बजावलं, "ने तुझ्या समिंदरावर. पर हिचं लगीन जमलं न्हाई, तर तुझ्या त्या नळ्या मी चुलीत घालीन."

* * *

आधी महिनाभर सराव आमच्या विहिरीत. सगळ्यांच्या कमरेला वाळके भोपळे. मालकांचा नियम कडक: एकट्यानं पाण्यात उतरायचं नाही, जोडीनंच. जोडीदारावरची नजर हलली तर त्या दिवशी बाहेर बसायचं.

चिठ्ठ्या टाकून जोड्या लावल्या. त्यात बबन आणि तुका एकत्र आले. सख्खे चुलतभाऊ, पण बांधावरून दोन्ही घरांत तीन वर्षं बोलणं बंद. बबन म्हणाला, "आण्णा, जोडी बदला. आमी बोलत न्हाई."

मालक म्हणाले, "मग तुमीच बेस! नळी तोंडात असताना बोलायचंच नसतं!"

आणि खरं सांगते, सगळ्यात चांगली जोडी तीच ठरली. एकमेकांवर नजर ठेवायची दोघांना लहानपणापासून सवय होती!

* * *

ह्याच बबननं एकदा मोटारीच्या इंजिनाची हातभर नाही, चांगली पुरुषभर लांब नळी आणली. "आण्णा, हिनं पार तळाला बसता येतंय."

मालकांनी ती काढून घेतली. "वरचं पाणी छातीवर बसलं की दम वडता येत न्हाई गड्या. वीतभर नळी, आन् पाण्याच्या वरच्या वर. समजलं?"

"समजलं. मग ह्या नळीचं काय करू?"

आत्याबाई गोठ्यातून ओरडल्या, "आधी ज्याच्या इंजिनाची काढलीयास त्याला दे जा! सकाळधरनं गावभर शिव्या देत हिंडतुया त्यो!"

* * *

काचेवर वाफ धरू नये म्हणून आतून थुंकी लावून पुसायची असते. मालक आरमारात तेच शिकून आले होते. मला वाटलं, आता आत्याबाई घर डोक्यावर घेणार. त्यांच्या घरात उष्ट्या हाताला मिठाचा डबासुद्धा मिळत नसे.

त्या विहिरीच्या काठावर आल्या. बारा पोरं ओळीनं काचेत थू थू करत होती. त्यांनी पदर सावरला, नीट बघितलं आणि माझ्याकडं वळल्या.

"आगं, सरकारी आरमारात बी दिष्ट काढत्यात व्हय!"

त्या दिवसापासून पोरं थुंकायला विसरली तर त्याच आठवण करायच्या.

* * *

मुहूर्ताचं ऐका. पावसाळ्यात तर समुद्राचं नाव काढायचं नाही, हे ठरलेलंच. दिवाळी झाली आणि मालकांनी पंचांग मागितलं. जन्मात त्यांनी पंचांगाला हात लावला नव्हता. आत्याबाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"बग, आमावस्या नगं," आत्याबाई म्हणाल्या.

"नगंच," मालक म्हणाले.

"पुनव बी नगं, पोरं भारावत्यात."

"पुनव बी नगं. अष्टमी धरू."

"धर बाबा, अष्टमी देवीची!"

रात्री मी विचारलं, "तुमी कवापासनं देवभोळं झाला?" तर म्हणाले, "आवस-पुनवेला समिंदराला उधाण असतंय, पाणी वडतंय. अष्टमीला भरती लहान. पर आईला सांगू नगंस. एवढ्या वर्सांत पयल्यांदा ती माज्यावर खूश झालीया."

* * *

पाण्यातल्या खुणाही ठरल्या. सगळं ठीक असेल तर मूठ डोक्यावर ठेवायची. अडचण असेल तर हात वर करून हलवायचा, की शालन झेप घेणार. पोरांनी ते इतकं घोकलं, इतकं घोकलं, की विचारू नका.

निघायच्या दिवशी स्टँडवर सगळ्या आया आल्या. एस.टी. हलली तशा साऱ्यांनी हात वर करून हलवले. मागच्या बाकावरून तुका कळवळून ओरडला, "आण्णा, गाडी थांबवा! आमची आई बुडतीया!"

* * *

आता चपलांचं. पोरांच्या आयांना मी शब्द दिला होता, "मोजून नेतीया, मोजून आनतीया." मालकांनी मला नावांची यादी लिहून दिली. मला ती उलटी की सुलटी तेच कळेना. मग मी माझी रीत काढली. वाळूवर दोरी ताणायची. पाण्यात जाताना प्रत्येकानं तिच्या कडेनं चपला ओळीनं काढायच्या, बाहेर आला की घालायच्या आणि माझ्याजवळ येऊन बसायचं. ओळीत जोड दिसला की पोरगं पाण्यात. ह्यात वाचायचं काय?

दोन वर्षं हे बिनचूक चाललं. तिसऱ्या वर्षी मालकांनी शिट्टी मारली, पोरं बाहेर आली, चपला घातल्या. ओळीत एक जोड उरला!

मालकांनी पोरं उभी करून मोजली. "बारा हायती. समदी हायती."

"परत मोजा."

"आगं, बारा!"

"डोस्की मोजताना चूक हुईल, चपला चुकत न्हाईत! पोरगं आत हाय!"

सगळी पोरं एकमेकांकडं बघायला लागली, मी तर हाय ना, ह्याची खात्री करून घेत. तेवढ्यात शालनला, हद्द म्हणून पाण्यात ताणलेल्या भोपळ्यांच्या दोरीपाशी, एक नळी दिसली. तिनं भावाचा जुना शर्ट कमरेला आवळला आणि सूर मारला. पाच मिनिटांत ती एका गड्याला कॉलरला धरून, उताणा, फरफटत घेऊन आली. तो हातपाय झाडत ओरडत होता, "अहो सोडा! मी मासे बघतोय!"

मी विचारलं, "कुनाचा रं तू?"

"उंब्रजचा."

"आमच्यात उंब्रजचा कुनी न्हाई!"

"मी तुमच्यातला नाहीच हो! मी मास्तर आहे. शाळेच्या पोरांना आणायचंय, म्हणून आधी स्वतः बघायला आलो."

"मग आमच्या वळीत चपला का काडल्या?"

तो खोकत म्हणाला, "मला वाटलं, इथं तसा नियम आहे."

मालकांचा पारा चढला. "मास्तर हायसा आन् एकटं पाण्यात उतरता? पोरांना ह्येच शिकवनार?" मास्तरांनी मान खाली घातली. मग दरसाल आमच्या राखणीला होडी घालणाऱ्या होडीवाल्यानं त्यांना झोपडीत चहाला नेलं. शालन म्हणाली, "वैनी, कॉलर फाटली वाटतं त्यांची." एवढंच. पण दोनदा म्हणाली.

* * *

घरी आल्यावर मी काचा-नळ्यांचं पोतं रिकामं केलं. तळाशी तो उरलेला जोड निघाला. सवयीनं मी तोही भरून आणला होता!

आत्याबाईंनी विचारलं, "ह्या कुनाच्या?" काय सांगणार? समुद्रातून काढलेल्या माणसाच्या म्हणाले असते तर नळ्या चुलीत गेल्या असत्या. म्हटलं, "चुकून आल्या." त्यांनी त्या कोनाड्याखाली सरकवल्या.

महिन्यानं, होडीवाल्याकडनं पत्ता काढून, मास्तर दारात. सोबत त्यांचे वडील, कोशा पटका बांधून. सोप्यात बसले. मास्तर म्हणाले, "चपला न्यायला आलो."

आत्याबाईंनी एकदा बापाकडं बघितलं, एकदा लेकाकडं. "एका जोडासाठी दोगं?"

वडील हसले. "आक्का, घरात लगनाची पोरगी हाय म्हनं."

लगनाचं नाव काढलं आणि आत्याबाई सावध झाल्या. मी खुणा करत होते, मूठ डोक्यावर ठेवत होते, हात हलवत होते. काही उपयोग नाही. त्यांनी पदर नीट केला आणि ठणकावून सांगितलं,

"हाय की! पर आमची शालन पाण्याच्या वाटंला जात न्हाई!"

मास्तरांचा चहा नाकातून आला. मालक उठून गोठ्यात गेले. शालन दाराआड तोंडात पदर कोंबून उभी.

वडील गंभीरपणे म्हणाले, "आक्का, तेवढं आमाला चालायचं न्हाई. पोरगं म्हनतंय, शाळेची पोरं घिऊन जायाची, तर पाण्यातनं वडून काडनारीच बायको पायजे. फाटकी कॉलर अजून शिवू देत न्हाई ह्यो. पाण्यात न जानारी पोरगी असंल, तर आमी उटतो."

आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलं. मग शालनकडं. मग कोनाड्याखालच्या चपलांकडं. सगळं त्यांच्या ध्यानात यायला एक घोट चहाचा वेळ लागला.

"बसा की," त्या म्हणाल्या, "कृष्णा एका दमात वलांडती पोरगी!"

साखर वाटली. तिथीसाठी पंचांग निघालं. मालकांनी अष्टमी सुचवली, तर आत्याबाईंनीच त्यांना गप्प केलं. दिवस कलता पाहुणे उठले. वडिलांनी वहाणा घातल्या. मास्तर नवा जोड घालून आले होते, तो पायरीवर दिसेना. कोनाड्याखाली बघितलं, तर जुनाही नाही.

मास्तर इकडंतिकडं बघायला लागले. आत्याबाई उंबऱ्यात उभ्या राहिल्या, दोन्ही हात पदराखाली.

"ऱ्हाऊ द्या हितंच," त्या म्हणाल्या. "चपला हायत तंवर मानूस आमच्यातच मोजतोय आमी."

आणि मास्तर दुसऱ्यांदा अनवाणी एस.टी.त चढले.