उभ्या गाडीचं ऑइल

बसून चहा पिताना आबांना मी कधी पाहिलं नाही. आबा म्हणजे माझे सासरे. कपबशी हातात घेऊन ते गोठ्यापाशी जायचे, तिथून फाटकापाशी, तिथून परत ओट्यावर, आणि कप भलत्याच ठिकाणी ठेवून यायचे. परंदवडीच्या आमच्या घरात कप शोधून आणणं हे सुनेचं एक कामच होतं. जेवतानाही दोन घास झाले की उठून वासरू बघून यायचे. सासूबाई म्हणायच्या, "ह्यांच्या पायाला भिंगरी हाये. माझा जल्म ह्यांच्या मागं ताट घिऊन फिरन्यात गेला."

दुसऱ्याचं रिकामं बसणंही त्यांना सोसत नसे. दुपारी मी जरा आडवी झाले की दारात येऊन विचारायचे, "निजलीस व्हय? बरं न्हाई का?" विचारायचे ते काळजीनेच, पण झोप उडायची ती उडायचीच. मी चिडायचे. चिडून उठायचे आणि उठल्यावर मग काहीतरी काम सापडायचंच.

आमच्या विहिरीवर पूर्वी डिझेलचं इंजिन होतं. अमावस्येला बैल जुंपत नाहीत, म्हणून हात मोकळे. त्या दिवशी आबा इंजिनचं ऑइल बदलायचे. "इंजिन म्हंजी बी जितराबच. त्याच्या पोटात घान ठिवू न्हाई," असं त्यांचं म्हणणं. पुढे विजेची मोटर आली, इंजिन भंगारात गेलं, बैलही विकले, पण आबांची अमावस्या तेवढी राहिली. संदीपने, माझ्या नवऱ्याने, जुनी पेट्रोलची गाडी घेतली तेव्हा आबांनी अंगणाच्या कडेला माणूस निजेल एवढा चर खणला आणि गाडी त्यावर उभी करायला लावली. संदीप खाली शिरून ऑइल बदलायचा, आबा बॅटरीचा उजेड धरून उभे. पण दर अमावस्येला आबा आठवण करून द्यायचेच. संदीप हसायचा. "आबा, ही काय विहिरीवरची हाये का? आदी पळू तर द्या तिला."

संदीप काविळीने गेला. कुणाला नीट कळायच्या आत गेला. त्यानंतर गाडी त्या चरावरच उभी राहिली. आबांना चालवता येत नव्हती. मला येत होती, संदीपनेच शिकवली होती, पण मी दाराला हात लावला तरी आबा कुठूनतरी पुढे यायचे. "ऱ्हाऊ दे पोरी. जाग्याव बरी हाये ती." रोज सकाळी ते स्वतः किल्ली फिरवून गाडी सुरू करत, कान देऊन आवाज ऐकत, बंद करत. आणि अमावस्येला ऑइल. आता हसून टाळणारं कुणी उरलं नव्हतं.

निघालेलं ऑइल ते गोठ्याच्या खांबांना फासायचे, वाळवी लागत नाही म्हणून. खांब झाले, फाटक झालं, शिडी झाली, नांगराचं जुनं लाकूड झालं. गोठ्यात गेलं की पदराला डाग ठरलेला. सासूबाईंच्या सारवलेल्या अंगणात थेंब पडले की त्या शेणाचा गोळा घेऊन यायच्या आणि नवऱ्याला काही न बोलता गाडीलाच शिव्या द्यायच्या. कुणी समजूत घालायला गेलं तर आबा एकच सांगत, "गाडी कवा बी लागंल. तयार पायजे." कुणाला लागेल, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. माझीही नव्हती.

मला तर घरात बसवेना. दिवसभर मी या खोलीतून त्या खोलीत. आबांची भिंगरी माझ्याच पायाला लागली की काय, असं वाटायचं. अशात लोणावळ्याच्या एका हॉटेलात काम मिळत होतं. पाहुण्यांची नोंद करायची, फोन घ्यायचे. अडचण एवढीच की सुटायला उशीर व्हायचा आणि त्या वेळी आमच्या गावापर्यंत काही मिळत नाही. गाडी नेली तरच ते काम जमणार होतं. सोमवारपासून येते की नाही ते त्यांना कळवायचं होतं. मी आबांना विचारलं. ते म्हणाले, "त्या रस्त्याला ट्रकं किती!" आणि गोठ्याकडे चालू लागले. मी त्यांच्या मागे गोठ्यात गेले, फाटकापर्यंत गेले, परत ओट्यावर आले. तोवर आबा वासराकडे वळले होते.

नेमकी दुसऱ्या दिवशी अमावस्या. आबांनी गाडी सुरू करून ऑइल गरम केलं, पान्हा घेऊन चरात उतरले आणि घमेलं मागितलं. घमेलं शेजारी स्लॅबच्या कामाला गेलं होतं. सासूबाईंनी कुरकुरत एक जुनी अॅल्युमिनियमची परात काढून दिली. मी ती खाली सरकवली. आबांनी नट काढला. परातीत धार पडली आणि आम्ही दोघं बघतच राहिलो. मधासारखं पिवळं, स्वच्छ ऑइल. घमेलं काळंकुट्ट, त्यात आजवर सगळंच काळं दिसायचं.

आबांनी बोट बुडवलं, दोन बोटांत चोळलं, वास घेतला. "ह्ये तर म्या घातलं तसंच आलं," ते म्हणाले. धार थांबली, नुसते थेंब पडायला लागले, तरी ते चरातून बाहेर येईनात. मी वाकून पाहिलं. डोळ्यांवर हात आडवा धरून पडले होते. मग खालूनच म्हणाले, "कुटं गेलीच न्हाई ना गं ही. काळं हुईलच कसं?"

  ते बाहेर आले, नवं ऑइल ओतलं, हात पुसले आणि खिशातली किल्ली काढून माझ्या हातात दिली. "जा. काळं करून आन."

सोमवारी मी गेले. परत आले तर आबा फाटकात उभे. काम कसं आहे, लोक कसे आहेत, काही विचारलं नाही. बॉनेट उघडायला लावलं, ऑइल मोजायची पट्टी ओढून धोतराला पुसली, पुन्हा बुडवून बॅटरीच्या उजेडात धरली. "अजून न्हाई. उद्या बी जा." मग रोज हेच. घाटातलं धुकं, सुट्टीच्या दिवशीची गर्दी, कामशेतला खोळंबा, काहीही होवो, घरी आले की आधी पट्टी. अमावस्या आल्या आणि गेल्या, आबांनी पान्हा उचलला नाही. भातं कापणीला आली तेव्हा पट्टी एकदाची काळी निघाली. ती तशीच घेऊन ते स्वयंपाकघरात गेले आणि सासूबाईंच्या नाकासमोर धरली. "बघ, पोरगी किती लांब जाऊन आली." सासूबाई म्हणाल्या, "माझ्या चुलीव गाळू नगा."

गेल्या वर्षी आबा गेले, चालता चालताच, बांधावर. माझा बाप गेला तेव्हाही मी एवढी रडले नव्हते. तेरावा झाला, पाहुणे पांगले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओट्यावर बसून होते, कामावर जायचं मनातही नव्हतं. सासूबाई आतून आल्या. हातात किल्ली होती. "गाडी हुबी हाये किती दिस," त्या म्हणाल्या. "ऊठ. जा तू."

कामशेतपर्यंत मी रडतच गाडी चालवली. पुढे ट्रक फार होते, रस्त्याकडे बघावं लागलं.